रजेचा अर्ज

जानेवारीच्या शेवटी चार दिवस आभाळ भरून राहिलं आणि वालावर मावा पडला. शेंगा भरू लागल्या होत्या. शेंड्यांवर काळा चिकटा बसला, पानं आकसून वळली. मैना रोज सकाळी चुलीतली राख चाळून टोपलीत भरायची आणि दव असेतोवर झाडांवर उडवायची. राख तिच्या पापण्यांवर बसे. घरी येऊन ती चूळ भरी तेव्हा पाणी काळं पडे.

त्याच आठवड्यात रोह्याच्या कंपनीत ठेकेदाराने गेटवर कागद लावला. एप्रिलपासून पॅकिंगच्या शेडमध्ये आठवी झालेलीच माणसं राहतील, निदान आठवीच्या परीक्षेला बसल्याचा कागद तरी हवा. बाकीच्यांनी यार्डात जायचं. मैनेचा नवरा सखा सोळा वर्षं पॅकिंगला होता. पोत्यांची तोंडं शिवायची, वजन बघायचं, शिक्का मारायचा. यार्डात पन्नास किलोचं पोतं खांद्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढायचं होतं. सखाचा उजवा खांदा तीन वर्षांपूर्वी निखळला होता. हात अजून कानाच्या वर जात नव्हता. सदरा घालताना तो आधी उजवा हात बाहीत सरकवी, मग मान वाकडी करून डावा.

त्याने हे जेवताना सांगितलं. तो चौथीतून निघालेला. दाखलासुद्धा कधी काढला नव्हता.

"आमच्या संस्थेतून आठवीला बसता येतं, बाबा," प्रणिता म्हणाली. "आधी फक्त एक चाचणी द्यायची."

प्रणिता त्यांची एकुलती मुलगी. डी.एड. झालेली, पण शिक्षकभरती निघत नव्हती, म्हणून पेणच्या एका संस्थेत कामाला लागली होती. शाळा सुटलेल्या मोठ्या माणसांना ही संस्था मुक्त शाळेच्या परीक्षेला बसवायची. त्याआधी पातळी चाचणी व्हायची. माणूस थेट आठवीच्या गटात बसवायचा की पाचवीच्या, ते तिच्यावरून ठरायचं. आठवीत बसला तर त्याच वर्षी परीक्षा. पाचवीत बसला तर पुढे दोन वर्षं.

"या वयात?" सखा म्हणाला. "तुज्याच हापिसात येऊन बसू व्हय बाकड्यावर? लोक काय बोलतील तुला?"

"कोण काय बोलतंय?"

"सोड. आमटी वाढ गो," तो मैनेला म्हणाला.

प्रणिताने आणखी आग्रह केला नाही. खरं सांगायचं तर तिला सुटल्यासारखं वाटलं. आणि तसं वाटलं म्हणून ती ताट उचलून लगेच मोरीवर गेली.

*

चाचणीआधी लोकांना घरी उजळणी करता यावी म्हणून संस्था एक पुस्तिका काढणार होती. ती तयार करायचं काम प्रणिताकडे होतं. संस्था चालवायच्या तनया मॅडम. पेणमधलं त्यांचं घराणं जुनं. एके काळी प्रणिताच्या गावची, बोरटेपची, निम्मी शेतं त्यांची होती आणि सखाचा आजा कूळ म्हणून दरसाल त्यांच्या अंगणात भाताचा खंड घालायला जायचा. तनया मॅडमना हे ठाऊक नव्हतं. प्रणिताने कधी सांगितलं नव्हतं. मॅडम वागायला चांगल्या होत्या. एकदा फोनवर प्रणिता घाईत "नाय" म्हणाली, तेव्हा फोन ठेवल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "नाही म्हण गं. तू शिक्षिका आहेस." तेव्हापासून ऑफिसात बोलताना प्रणिता प्रत्येक वाक्याआधी क्षणभर थांबायची.

पुस्तिकेचा कच्चा खर्डा घेऊन ती हमरापूरला गेली. तिथे गणपतीच्या एका कारखान्यात दहाबारा बाया कच्च्या मूर्ती घासत बसल्या होत्या. पॉलिश पेपरची खसखस चालू होती. बायांच्या भुवया, केस, पोलकी सगळं पांढरं. यातल्या सहा जणींनी चाचणीसाठी नावं दिली होती. प्रणिताने त्यांना एकेक खर्डा दिला. रोहिणी नावाच्या चाळिशीच्या बाईने हात पदराला पुसून तो घेतला, पानं उलटली, आणि चित्राजवळ थांबली.

"चिऊताईने सात दाणे टिपले, दोन सांडले," तिने अक्षर अक्षर लावून वाचलं. मग वर बघितलं. "बाय, माजी नात बालवाडीत जाते. तिचं पुस्तक बी असंच हाय."

बाकीच्या हसल्या. प्रणिताचे कान तापले.

"हसू नका गो," रोहिणी म्हणाली. "तिनं मेहनत केलीय. पन बाय, मी दिवसाला चाळीस मूर्ती घासते. त्यातल्या चार सोंडेत तडकतात. ते विचार की. आनि अर्ज लिवायला शिकव. पंचायतीत गेलं की तिथला मानूस म्हनतो, बाई, कोनाकडनं तरी नीट लिहून आना. दर वक्ताला कोनाकडनं आनायचं?"

ऑफिसात प्रणिताने हे सांगितलं. तनया मॅडम म्हणाल्या, "बरोबर आहे त्यांचं. चित्रं काढून टाक. त्यांच्यासारख्याच माणसाने लिहिलेला एखादा खरा अर्ज मिळव. चुकांसकट. चुका त्यांनाच शोधू देत. दुसऱ्याची चूक दिसली की माणूस आपली सुधारतो."

दोन दिवस प्रणिता स्वतःच चुका करून अर्ज लिहीत बसली. ते खरे वाटेनात. तिच्या चुकासुद्धा शिकलेल्या माणसाच्या होत्या.

शनिवारी घरी पत्र्याच्या पेटीत ती आपल्या डी.एड.च्या गुणपत्रिकेची झेरॉक्स शोधत होती. रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकमध्ये चार घड्या घातलेला वहीचा कागद मिळाला. बापाचं अक्षर तिने फारसं कधी पाहिलं नव्हतं. मोठं, एकमेकांपासून लांब लांब उभं असलेलं अक्षर.

"मा. सायेब यांना. मी सखा. मला दोन दिस सुटी पायजे. माजी आय आजारी हाय. ती उटत नाय. आंतरुनात घान करते. बायकु एकटी तीला उचलु सकत नाय. मुलगी पेनला शिकते. मला आयला दवाखान्यात न्याची हाय. सायेब मी कवा सुटी घेत नाय तुमाला म्हाईत हाय. सखा."

खाली लाल शाईत सुपरवायझरने लिहिलं होतं: नीट लिहून आणा.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आजी, धोंडुबाई, अंथरुणाला खिळली होती. त्या दिवशी सुटी मिळाली नाही आणि सखा शिफ्टला गेला. मैनेने शेजारच्या दोघींना हाक मारून म्हातारीला जुन्या लुगड्यात घातलं, चौघी टोकं धरतात तसं तिघींनी धरलं आणि रिक्षात ठेवलं. प्रणिता तेव्हा पेणला मामाकडे राहत होती. तिचा डी.एड.चा सराव पाठ होता म्हणून ती आली नाही. आजी त्यानंतर पावसाळ्यापर्यंत राहिली.

कागद हातात धरून प्रणिता पेटीपाशी बसून राहिली. डोळे भरून आले होते ते खरं. आणि भरलेल्या डोळ्यांनीच तिने चुका मोजल्या, तेही खरं. विसांहून जास्त निघाल्या. तिला पाहिजे होत्या तशाच, सगळ्या प्रकारच्या. तिने फोनवर फोटो घेतला, कागदाच्या घड्या होत्या तशा घातल्या आणि पेटी लावली.

ऑफिसात टाइप करताना तिने सखाच्या जागी 'दगडू' लिहिलं. 'मुलगी पेनला शिकते' ही ओळ काढून टाकली. का काढली, हे तिने स्वतःला विचारलं नाही. बाकी सगळं ठेवलं.

"अगं, अस्सल आहे हे!" तनया मॅडम म्हणाल्या. "कुठून मिळवलंस?"

"एका कामगाराचं आहे. कंपनीतल्या."

"त्याला विचारलंस ना?"

"हो," प्रणिता म्हणाली.

*

पुस्तिका छापून हमरापूर, वडखळ आणि रोहा अशा तीन वर्गांना गेल्या. तेविसाव्या पानावर अर्ज होता, खाली सूचना: 'या अर्जातील चुका शोधा. अर्ज शुद्ध करून लिहा.'

फेब्रुवारीच्या तिसऱ्या रविवारी मॅडमनी तिला रोह्याचा वर्ग बघायला पाठवलं. लोकांना पुस्तिका कशी वाटते ते टिपून आणायचं होतं. सखा सकाळीच निघून गेला होता. गेले तीन रविवार त्याला ओव्हरटाइम लागत होता.

वर्ग एका जुन्या शाळेच्या मागच्या खोलीत भरायचा. प्रणिता पोचली तेव्हा तो सुरू झाला होता. दारापाशी चपलांचा ढीग होता. आत पोरांच्या बाकड्यांवर बाराएक पुरुष गुडघे बाहेर काढून, वाकडे होऊन बसले होते. सुशील सर शिकवत होते. त्यांनी हातानेच तिला थांबायची खूण केली, कारण मागचा एक जण वाचत होता.

"माजी आय आजारी हाय. ती उटत नाय. आंतरुनात..." तो थांबला आणि फसकन हसला. "आंतरुनात घान करते!"

खोली हसली. "अरे, सायबाला असं कोन लिवतं का?" एक जण म्हणाला. "सायबानं नाक धरून वाचलं आसल!" पुन्हा हसणं झालं.

"हसायचं नंतर," सुशील सर म्हणाले. "आधी चुका सांगा. पोपट, तुम्ही नुसते हसताय. तुमच्या शेजारच्यांना वाचू द्या. सखाराम, पुढे वाचा."

तिसऱ्या बाकड्यावरचा माणूस उभा राहिला. अंगात लग्नाकार्याचा निळा सदरा होता. उजवा खांदा थोडा उतरलेला. प्रणिताला पाठ दिसत होती आणि पाठ पुरे होती. तिचा हात दाराच्या चौकटीवर तसाच राहिला.

सखाने पुस्तिका डोळ्यांपासून लांब धरली. इतर लोक एकेक शब्द चाचपडत वाचत होते. तो अडखळला नाही.

"बायकु एकटी तीला उचलु सकत नाय," त्याने वाचलं. मग तो थांबला. पानावर खाली बघितलं, पुन्हा वर बघितलं, काहीतरी शोधल्यासारखं. "मला आयला दवाखान्यात न्याची हाय. सायेब मी कवा सुटी घेत नाय तुमाला म्हाईत हाय."

"छान वाचलंत," सर म्हणाले. "बघा, किती सराव केलाय. आता चूक सांगा एक."

"आंथरुनात," सखा म्हणाला. मग घसा साफ केला. "अंथरुणात. थ पायजे. आनि ण बाणाचा."

"शाब्बास. आणि आता सगळ्यांनी जरा इकडे बघा. ह्या प्रणिता मॅडम, पेणहून आल्यात. ही पुस्तिका यांनीच बनवलीय."

बाकडी करकरली. सगळे उठून उभे राहिले. सखा वळला. बाप आणि मुलगी समोरासमोर होती, मध्ये दोन बाकडी. त्याचा चेहरा आधी नुसता रिकामा झाला, मग कपाळापासून खाली लाल होत गेला. इतर बोलले तसं तोही बोलला.

"नमस्ते, मॅडम."

"नमस्कार," प्रणिता म्हणाली. "बसा. बसा ना."

"मॅडम," पोपटने विचारलं, "हा दगडू खरा हाय का तुमी बनवला?"

त्या वेळी बोलायचं होतं. पुढे कित्येक दिवस प्रणिता त्या क्षणापाशी परत परत जायची, आणि तो तेवढाच लहान असायचा; एक वाक्य मावेल एवढा.

"बनवलेला आहे," ती म्हणाली. "सरावासाठी."

सखा खाली बसला आणि पेन्सिलीने अर्जातल्या चुकांखाली रेघा ओढू लागला. प्रणिताने भिंतीकडच्या खुर्चीवर बसून वहीत टिपून घेतलं: तेविसावे पान सर्वांना आवडले.

*

ती दुपारच्या एसटीने घरी आली. मैना अंगणात सुपात शेंगा निवडत होती, किडक्या एकीकडे, भरलेल्या एकीकडे. तिने लेकीकडे एकदाच बघितलं.

"बघितलंस व्हय त्यांना?" मैनेने विचारलं.

"तुला ठाऊक होतं?"

"मीच सदरा काढून देते दर रविवारी." मैनेने सूप पाखडलं. "तुज्या हापिसात नाव नको बोलले. पोरीला खाली बघायला लागंल. रोह्याला कोन वळखतंय."

सखा दिवेलागणीला आला. हातपाय धुतले, भाकरी खाल्ली, वाल कितपत वाळलाय ते विचारलं. दुसरं काही नाही.

सोमवारपासून वाल उपटायचा होता. उन्हं चढली की वाळलेल्या शेंगा तडकतात आणि दाणे मातीत सांडतात, म्हणून दव ओलं असतानाच उपटायला लागतो. तिघं उजाडताच शेतात उतरली. भाताचे वाळके सड पायांना टोचत होते. झाड बुडाशी धरायचं, हिसका द्यायचा, मुळाची माती झाडायची, आडवं टाकायचं. सखा डाव्या हाताने उपटत होता. मैना पुढे निघून गेली. प्रणिता बापाच्या शेजारच्या ओळीत राहिली. तळहातांना फोड यायला लागले होते.

"बाबा," ती म्हणाली. "मी विचारायला पाहिजे होतं."

सखाने झाड उपटलं, माती झाडली. "चुकीचं लिवलं होतं ते चुकीचं म्हनून छापलंस. त्यात काय."

"तसं नाय, बाबा."

"माजं नाव घातलं नाय, तेवढं बरं केलंस." तो पुढच्या झाडाकडे वाकला. "बारा मानसं हायत वर्गात. सगळ्यांनी एकेकदा वाचलं. बारा वेळा आय आंथरुनात... जितेपनी कोनाला कळू दिलं नव्हतं तिनं. शेजारनीला पन आत येऊ देयाची नाय. सायबाला लिवलं ते मी. नाइलाज झाला म्हनून लिवलं."

प्रणिताच्या हातातलं झाड तसंच राहिलं. दवाचं पाणी मनगटावरून कोपरात उतरत होतं.

"एक विचारू?" सखा म्हणाला. तो आता उभा राहिला होता, पण तिच्याकडे बघत नव्हता. "त्यात एक ओळ होती. मुलगी पेनला शिकते. ती कुठं गेली?"

प्रणिताने हातातल्या झाडाची माती झाडली.

"आयची घान ठेवलीस," तो म्हणाला, मोठ्याने नाही, चौकशी केल्यासारखं. "लेक तेवढी काढलीस."

मैनेने पुढून हाक मारली, उन्हं आली म्हणून. सखा पुन्हा वाकला. प्रणिताही वाकली. त्या दिवशी तिने ओळ संपेपर्यंत पाठ सरळ केली नाही, आणि तेवढ्याने काहीही हलकं झालं नाही.

*

मंगळवारी तिने तनया मॅडमना सांगितलं. ते पान काढायला हवं, मी परवानगी घेतली नव्हती.

"पण तू हो म्हणालीस." मॅडमनी चष्मा काढला. "कोणाचं आहे ते?"

"माझ्या वडिलांचं."

टेबलावरची पुस्तिका मॅडमनी उघडली, तेविसावं पान बघितलं आणि मिटली. मग त्या म्हणाल्या, "जा. ब्लेड घेऊन जा. एकेक पान कापून आण." आवाज रागाचा नव्हता. रागावल्या असत्या तर प्रणिताला बरं वाटलं असतं.

वडखळला सगळ्यांनी मुकाट्याने पुस्तिका दिल्या. हमरापूरला रोहिणीने दिली नाही. ती मूर्तीच्या पाठीवर पॉलिश पेपर फिरवत राहिली.

"का कापतेस?"

"चूक झाली छापताना."

"चुका शोधायलाच तर दिलंय ते." रोहिणीने हात थांबवला. "बाय, ह्या पुस्तकात हे एकच पान मी पुन्हा पुन्हा वाचलं. माजी सासू तीन वर्सं तशीच होती. मी कोनाला सांगितलं नाय. ह्या दगडूनं सायबाला सरळ लिवलंय. मला वाटलं, असं लिवता येतं व्हय? कोन हाय हा?"

बाकीच्या बायांचे हात चालू होते, पण खसखस कमी झाली होती.

"माझे बाबा," प्रणिता म्हणाली. "मी त्यांना न विचारता छापलं. त्यांच्यासमोर लोक हसले."

रोहिणीने तिच्याकडे बघितलं. पांढऱ्या भुवयांखालचे डोळे तेवढे काळे दिसत होते. "मग वाईट केलंस," ती म्हणाली.

पाच जणींनी पुस्तिका पुढे केल्या. रोहिणीने आपली मांडीखाली घेतली. "मी हसले नाय," ती म्हणाली. "माजं राहू दे." प्रणिताने पाच पानं कापली आणि पिशवीत घातली. रोह्याच्या वर्गाची पानं सुशील सरांनी कापून पाठवली. एक कमी होतं. सखारामांनी दिलं नाही, असं त्यांनी फोनवर सांगितलं.

*

चाचणी मार्चच्या पहिल्या रविवारी होती. संस्थेत माणसं कमी असल्यामुळे मॅडमनी प्रणितालाच रोह्याला पाठवलं. पेपर वाटायचे, वेळ बघायची, आणि तिथेच बसून सुशील सरांबरोबर तपासायचे.

त्या सकाळी सखा आणि ती एकाच एसटीने गेली. सखा पुढच्या दाराशी बसला, ती मागे. उतरल्यावर तो भरभर पुढे चालू लागला आणि ती मुद्दाम मागे राहिली. शाळेच्या फाटकाशी पोचेपर्यंत तिने ठरवलं होतं.

माणसं बाकड्यांवर बसली. पोपटने नवी पेन्सिल आणली होती, ती तो पुन्हा पुन्हा जिभेला लावून बघत होता. सखाने रुमाल घडी करून बाकड्यावर ठेवला आणि त्यावर मनगट टेकवलं, म्हणजे घामाने कागद ओला होऊ नये. प्रणिता फळ्यापाशी उभी राहिली. पेपरांचा गठ्ठा तिच्या हातात होता.

"सुशील सर," ती सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्याने म्हणाली, "तिसऱ्या बाकड्यावरचा पेपर मला तपासता येणार नाही. सखाराम माझे वडील आहेत."

पोपट सखाकडे बघायला लागला.

"आणि तो अर्ज मी बनवला नव्हता," ती म्हणाली. "त्यांचाच होता. तो मी न विचारता घेतला."

आता सगळेच सखाकडे बघत होते. जे हसले होते त्यांनी माना खाली घातल्या, पण त्याआधी बघितलंच. सखाचा चेहरा त्या रविवारी झाला होता तसा पुन्हा लाल झाला. त्याने कोणाकडे बघितलं नाही. रुमालाची घडी उलगडली, पुन्हा घातली.

"पेपर द्या, मॅडम," सुशील सर हळूच म्हणाले. "वेळ होते."

तिने पेपर वाटले. सखापाशी आली तेव्हा त्याने हात पुढे केला नाही. तिने पेपर त्याच्यासमोर ठेवला. पहिली पंधरा मिनिटं तो तसाच बसून होता. पेन्सिल हातात तशीच होती. इतरांनी पान उलटलं तेव्हा त्यानेही उलटलं. पहिलं पान कोरं राहिलं. मग तो लिहायला लागला, वाकून, शेवटची घंटा होईपर्यंत.

आपण ते नंतर बोलू शकलो असतो, हे प्रणिताला तो पान उलटत होता तेव्हा कळलं. पेपर झाल्यावर, माणसं चहाला थांबली असताना, किंवा त्याला आधी विचारून. आपल्याला मोकळं व्हायचं होतं म्हणून आपण ते तेव्हाच बोललो. पुन्हा त्याला न विचारता.

सुशील सरांनी त्याचा पेपर तपासला. पन्नासपैकी तीस लागत होते. सव्वीस मिळाले. पहिल्या पानावरचे प्रश्न आठ गुणांचे होते. साधे, वजनाचे आणि मापाचे, जे तो रोज शेडमध्ये तोंडी करायचा.

"पाचवीचा गट," सर म्हणाले. त्यांनी वहीत नाव लिहिलं. "मला वाटलं होतं आठवी होईल. फार चांगलं लिहितात."

पोपट आठवीच्या गटात गेला.

*

एप्रिलला सखा यार्डात लागला. पहिल्या दिवशी संध्याकाळी तो ओट्यावर बसला आणि मैनेने त्याचा सदरा काढला, उजव्या बाजूने, सावकाश, लहान मुलाचा काढतात तसा. खांद्यावर सुतळीचे वळ उठले होते. मैनेने खोबरेल तेल कोमट केलं. तिने प्रणिताकडे बघितलं नाही आणि वाटी तिच्या हातात दिली.

प्रणिता तेल लावायला बसली. खांद्याचं हाड एका जागी उंच आलं होतं. तिथे बोट लागलं की सखाचा श्वास अडके. अंगणात वालाची पेंढी रचलेली होती, यंदा निम्म्याहून कमी. मैना काठीने शेंगा झोडत होती.

"दुखतंय?" प्रणिताने विचारलं.

"दुखनार." त्याने डावा हात गुडघ्यावर टेकला. "पोपट बोल्ला, तुजी पोर खरं बोलली. मी त्याला बोल्लो, व्हय. उशिरा बोलली न् भलत्या टायमाला बोलली."

"माझ्यामुळं तुमचे आठ गुण गेले."

"गेले." त्याने ते नाकारलं नाही. तिने नाकारण्याची वाट बघितली होती, हे तिचं तिलाच कळलं आणि तिने मान खाली घातली.

काठीचा आवाज एका लयीत येत होता. सखाने मान थोडी वळवली. खांदा तिच्या हाताखाली ताठ झाला.

"पाचवीवाल्यांचं पुस्तक कोन बनवतंय?"

"मीच."

"छापायच्या आधी मला दे," तो म्हणाला. "मी वाचून बघीन. जे नको ते मी सांगीन. मग छाप."

"देते, बाबा."

"न् चिऊताई घालू नको," सखा म्हणाला. "तेल जरा खाली लाव. हा. तिथं."